नोंद त्वरित, नोंद नेमकी : सार्वजनिक ग्रंथालयांतील तालिकेचे काम



ग्रंथालयाची थोरवी सांगताना ग्रंथसंख्येचा उल्लेख प्रथम केला जातो. अमुक ठिकाणी दहा हजार ग्रंथ आहेत, तमुक ठिकाणी वीस हजार, असे अभिमानाने सांगण्यात येते. त्यांपैकी किती ग्रंथ मागणाऱ्याच्या हाती पाच मिनिटांत पडू शकतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कपाटात असलेला, परंतु तालिकेत नसलेला ग्रंथ वाचकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. त्याची किंमत चुकती झालेली असते, त्याची दाखलनोंद झालेली असते, तपासणीच्या दिवशी त्याची गणतीही होते. फक्त तो कोणाच्या उपयोगी पडत नाही.

दाखलनोंदवही आणि तालिका यांतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. दाखलनोंदवही ही मालमत्तेची नोंद होय. ग्रंथ कोणत्या तारखेस आला, किती किमतीस आला, कोणाकडून आला, हे ती सांगते. तालिका ही वाचकाच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी असते. या लेखकाचे येथे काय काय आहे? या विषयावर कोणते ग्रंथ आहेत? या नावाचे पुस्तक आहे काय, आणि असल्यास कोणत्या कपाटात? या प्रश्नांची उत्तरे ज्या नोंदींतून मिळतात त्या सिद्ध करण्याच्या कामास ग्रंथालयशास्त्रात तालिकीकरण म्हणतात. हे काम किती वेगाने आणि किती सखोलतेने करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

परिसर आणि परिस्थिती

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. लोकांनी स्थापन केलेली व लोकांनीच चालविलेली ग्रंथालये शासनाने अनुदान देऊन उभी ठेवावीत, हे त्याचे मुख्य सूत्र. अ, ब, क आणि ड अशा वर्गांतील ग्रंथालये त्यामुळे शहरांपासून खेड्यांपर्यंत पसरली. रायगड जिल्ह्यात पेण येथील महात्मा गांधी वाचनालय व रोहा येथील भाटे सार्वजनिक वाचनालय ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. त्यांच्या भोवतीच्या गावांतही लहान लहान वाचनालये आहेत.

यांतील लहान ग्रंथालयांत सामान्यतः एकच सेवक असतो, आणि तोही पुष्कळ ठिकाणी अर्धवेळ. देवघेव, वर्तमानपत्रांची मांडणी, वर्गणीची वसुली, अनुदानाचे तक्ते आणि झाडलोट ही सर्व कामे त्याच्याकडेच असतात. तालिकेसाठी दिवसाकाठी दीड-दोन तास मिळाले तर तो भाग्याचा दिवस. आर्थिक वर्षाच्या अखेरीस अनुदानाच्या रकमेतून ग्रंथखरेदी होते आणि एकदम शे-दोनशे पुस्तके येऊन पडतात. अशा वेळी सेवकापुढे दोन मार्ग दिसतात. एक, सर्व पुस्तके भराभर नोंदवून मोकळे व्हावे. दुसरा, प्रत्येक पुस्तकाची शास्त्रशुद्ध, परिपूर्ण नोंद करीत राहावे आणि उरलेला ढीग तसाच राहू द्यावा. दोन्ही मार्गांनी वाचकाची हानी होते.

जुना वाद

हा पेच आजचा नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँटोनिओ पानिझ्झी या ग्रंथपालाने १८४१ साली तालिकेसाठी ९१ नियम सिद्ध केले. इतके नियम कशासाठी, तालिका लवकर का होत नाही, अशी ओरड विद्वानांनीच केली. प्रकरण शाही आयोगापुढे गेले. जॉन पेन कॉलियर नावाच्या विद्वानाने काम किती सोपे आहे हे दाखविण्यासाठी स्वतःच्या संग्रहातील २५ पुस्तकांच्या नोंदी तासाभरात करून आणल्या. पानिझ्झीचे सहकारी विंटर जोन्स यांनी त्या तपासल्या, तेव्हा तालिकेत होऊ शकणाऱ्या बहुतेक सर्व प्रकारच्या चुका त्या पंचवीस नोंदींत आढळल्या. घरच्या संग्रहात पुस्तक कोठे आहे हे मालकाला ठाऊक असते. सार्वजनिक ग्रंथालयात अनोळखी वाचकाला ते शोधावयाचे असते, हा फरक कॉलियरच्या लक्षात आला नव्हता.

यानंतर शतकभराने, १९४१ साली, अमेरिकेत अँड्र्यू ऑसबॉर्न यांनी नेमकी उलट तक्रार मांडली. प्रत्येक शंकेसाठी नवा नियम हवा असे मानणारे आणि नोंद एकदाच, पण कायमची निर्दोष झाली पाहिजे असा आग्रह धरणारे तालिकाकार ग्रंथालयांचे काम तुंबवून टाकतात, असे त्यांनी दाखवून दिले. ग्रंथालय कोणते, वाचक कोण आणि गरज कोणती, हे पाहून नोंदीची खोली ठरवावी, असा त्यांचा पक्ष होता.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. या सूत्राला दोन बाजू आहेत. पुस्तक सहा महिने ढिगात पडून राहिले तर वाचकाचा वेळ जातो. आणि पुस्तक चुकीच्या नावाखाली नोंदविले गेले तरीही जातो. पहिला विलंब डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक असतो.

जिल्ह्याच्या नावापासून आरंभ

घाईची नोंद कोठे फसते हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पेण आणि रोहा हे तालुके ज्या जिल्ह्यात आहेत त्याचे नाव १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरचा या भागासंबंधीचा खंड १८८३ साली कुलाबा व जंजिरा या नावाने निघाला. राज्य शासनाने काढलेला सुधारित खंडही, १९६४ सालचा, कुलाबा जिल्हा याच नावाचा आहे. आज शाळेतील मुलगा रायगड जिल्ह्याची माहिती मागतो. ‘रायगड’ या शब्दाखाली त्याला शिवछत्रपतींच्या राजधानीच्या किल्ल्यावरील पुस्तके सापडतात, जिल्ह्याचे गॅझेटियर सापडत नाही. ‘कुलाबा’ शब्द सुचलाच, तर त्याखाली अलिबागचा किल्ला आणि मुंबईतील कुलाबा यांची सरमिसळ झालेली असते. ‘रायगड जिल्हा : १९८१ पूर्वीच्या ग्रंथांसाठी कुलाबा जिल्हा पाहा’ अशी एकच ओळ तालिकेत असती, तर त्या मुलाचे काम झाले असते. ती लिहिण्यास पाच मिनिटे लागतात, आणि ती पुढे अनेक वर्षे उपयोगी पडते.

खुद्द गावाच्या नावाचीही हीच कथा. कोणी रोहा लिहितो, कोणी रोहे; नगरपालिकेच्या कागदपत्रांत रोहा अष्टमी असे जोडनाव येते. जुन्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, नगरपालिकेची पत्रके जशी आली तशी नोंदविली, तर एकाच गावचे साहित्य तीन ठिकाणी विखुरते. एक रूप मान्य करून बाकीच्या रूपांवरून त्याकडे निर्देश करणे, एवढाच यावर उपाय आहे.

माणसांची नावे

पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखते. त्यांची पुस्तके भावे या आडनावाखाली नोंदवावीत की विनोबा या नावाखाली? नियम पाळावयाचा म्हणून कोणी आडनाव घेतो, पुस्तकावर छापले आहे म्हणून दुसरा ‘आचार्य’ शब्दापासून आरंभ करतो, आणि वाचक ‘विनोबा’ पाहून परत जातो. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाची नोंद तर अधिक विचार मागते. ही प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. लेखक विनोबा, विषय भगवद्गीता, लेखनिक साने गुरुजी, या तिन्ही वाटांनी वाचक तेथे पोचला पाहिजे. ‘गीताई’ हा विनोबांचा गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद. त्याची केवळ काव्य म्हणून नोंद झाली तर गीतेचा अभ्यासक त्याला मुकेल.

रोह्यात ज्यांचे बालपण गेले ते चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कोणास सी. डी. देशमुख म्हणून आठवतात, कोणास चिंतामणराव म्हणून. देशमुख आडनावाचे लेखक मराठीत इतके आहेत की पूर्ण नावाशिवाय नोंद व्यर्थ ठरते. त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद केला. मेघदूत कुसुमाग्रजांनीही मराठीत आणले आणि शांता शेळके यांनीही. हे सर्व अनुवाद कालिदासाच्या नावाखाली एकत्र आले आणि प्रत्येक अनुवादकाच्या नावाखाली पुन्हा दिसले, तरच वाचकाला त्यांची तुलना करता येईल. रोह्यातच १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांना त्यांचे अनुयायी ‘दादा’ म्हणतात. पनवेलला जन्मलेले केशव सीताराम ठाकरे ‘प्रबोधनकार’ म्हणून प्रसिद्ध आहेत. टोपणनाव, संतनाम आणि आदरनाम यांची मराठीत रेलचेल आहे. त्यामुळे लेखकाचे नाव हे मराठी तालिकेतील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत फसवे अंग होय.

विषय आणि लेखनपद्धती

विषयाची बाब आणखी नाजूक. खाडीकाठच्या गावांत खाऱ्या पाण्यापासून शेती राखण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. १९४८ साली त्यासाठी मुंबई खारभूमी अधिनियम झाला आणि १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. बांध फुटून शेतात खारे पाणी शिरलेला शेतकरी किंवा त्या गावचा पंचायत सदस्य ग्रंथालयात आला, तर तो ‘खार’, ‘खाजण’, ‘बांधबंदिस्ती’ किंवा ‘उघाडी’ यांपैकी एखादा शब्द उच्चारील. संबंधित पुस्तिका मात्र ‘शेती – संकीर्ण’ अशा नोंदीखाली शंभर पुस्तकांत दडलेली असते. ही नोंद करण्यास अर्धे मिनिट लागले असेल. पण ज्याच्यासाठी पुस्तिका घेतली त्याला ती सापडली नाही, तर त्या बचतीला अर्थ काय? अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात चाललेल्या शेतकऱ्यांच्या संपावरील लेखन केवळ ‘इतिहास’ या शीर्षकाखाली टाकले गेल्यास त्याचीही तीच गत होते.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत लेखनपद्धतीचा अडसर येतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पुस्तकें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आढळतात. पत्रतालिकेत ‘काही’ आणि ‘कांहीं’ यांच्या जागा वेगळ्या पडतात. संगणकावर एका रूपाने शोध घेतला असता दुसरे रूप बहुधा हाती लागत नाही. मुखपृष्ठावरील मूळ रूप जपावे आणि आजच्या रूपाने एक जोडनोंद द्यावी, हा मार्ग दोन्ही गरजा भागवितो.

सर्वांना थोडे, निवडकांना पूर्ण

अशी काळजी प्रत्येक पुस्तकाच्या बाबतीत घ्यावयाची म्हटले तर काम कधीच संपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पुस्तकांमध्ये भेद करण्यात आहे.

समजा, एखाद्या ग्रंथालयात वर्षाला ६०० पुस्तके येतात. प्रत्येकाची सखोल नोंद करण्यास अर्धा तास धरला तर ३०० तास लागतील. रोज दोन तासांच्या हिशेबाने १५० दिवस. परंतु या ६०० पैकी बहुसंख्य पुस्तके प्रचलित कादंबऱ्या, कथासंग्रह, बालवाङ्मय आणि परीक्षोपयोगी पुस्तके असतात. त्यांचा लेखक स्पष्ट असतो आणि विषयही. अशा ५०० पुस्तकांस प्रत्येकी सहा मिनिटे पुरतात; म्हणजे ५० तास. उरलेल्या १०० पुस्तकांस प्रत्येकी अर्धा तास द्यावा. ते आणखी ५० तास. एकूण काम १०० तासांत, म्हणजे ५० दिवसांत पुरे होते. वेग आणि सखोलता यांचा समन्वय म्हणजे सर्वच नोंदी निम्म्या करणे नव्हे. वेळ कोठे वाचवावयाचा आणि तो कोठे खर्चावयाचा, हे आधी ठरविणे हा खरा समन्वय होय.

त्यासाठी कामाचे दोन टप्पे करावेत. पहिल्या टप्प्यात, पुस्तक आल्यापासून आठवड्याच्या आत, प्रत्येकाची संक्षिप्त नोंद व्हावी. लेखकाचे पूर्ण नाव, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष, वर्गांक, एक विषयशीर्षक आणि दाखल क्रमांक, एवढे त्यात पुरे. ही नोंद लहान असली तरी चुकीची असता कामा नये. या टप्प्यानंतर एकही पुस्तक ढिगात राहू नये. सखोल नोंद व्हावयाची आहे म्हणून पुस्तक वाचकापासून अडवून धरू नये. दुसऱ्या टप्प्यात निवडक ग्रंथांकडे पुन्हा वळावे. जिल्ह्याविषयीचे व जिल्ह्यातील लेखकांचे साहित्य, अनुवाद, टोपणनावाने लिहिलेले ग्रंथ, अनेक लेखकांचे संग्रह, १९६२ पूर्वीची पुस्तके, आणि शेती, आरोग्य, कायदा, पंचायत यांसारख्या विषयांवरील पुस्तिका या यादीत याव्यात.

स्थानिक साहित्याला अग्रक्रम देण्याचे कारण उघड आहे. लोकप्रिय कादंबरीची नोंद पेणमध्ये अपुरी राहिली तरी ती अन्य शेकडो ग्रंथालयांत सापडेल. एखाद्या गावची स्मरणिका किंवा एखाद्या शाळेचा जुना अहवाल यांची दुसरी प्रत कदाचित कोठेही नसेल. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्याने महापुराचा आघात सोसला. पाणी कागदाचा विचार करीत नाही. पुरात काय गेले हे सांगू शकणारी नोंद तरी मागे राहावी, आणि ती इमारतीबाहेर दुसऱ्या ठिकाणीही असावी, हा धडा प्रत्येक नदीकाठच्या ग्रंथालयाने घेण्यासारखा आहे.

लिखित नियम आणि सहकार्य

हे सर्व सेवकाच्या स्मरणावर सोपवून चालणार नाही. सेवक बदलतो आणि त्याच्याबरोबर पद्धतही बदलते. म्हणून प्रत्येक ग्रंथालयाने चार पानांची नियमवही ठेवावी. विनोबांची नोंद कोणत्या नावाखाली, रोहा की रोहे, कुलाबा आणि रायगड यांचा संबंध कसा दाखवावयाचा, असे निर्णय एकदाच घेऊन तीत लिहावेत. एकदा घेतलेला निर्णय पुन्हा घ्यावा लागत नाही, ही वेळेची सर्वांत मोठी बचत होय.

दुसरी बचत सहकार्यात आहे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांस पुरविण्यास आरंभ केला, तो याच विचाराने. मराठीपुरते पाहिले तर शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील ग्रंथांची मराठी ग्रंथसूची दोन भागांत सिद्ध करून ठेवली आहे. जुन्या लेखकाचे पूर्ण नाव किंवा प्रकाशनवर्ष यासाठी लहान ग्रंथालयाने स्वतः संशोधन करीत बसण्याचे कारण नाही. त्याच न्यायाने पेणच्या ग्रंथालयाने आपल्या तालुक्याशी संबंधित ग्रंथांच्या सखोल नोंदी कराव्यात, रोह्याने आपल्या तालुक्याच्या, आणि दोघांनी त्या परस्परांस द्याव्यात. काम निम्मे होईल आणि लाभ दुप्पट होईल.

आता अनेक ग्रंथालयांत संगणक आले आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली उपलब्ध आहे. ‘कोहा’सारखी विनामूल्य प्रणालीही आहे. यंत्रामुळे शोध जलद होतो, परंतु नोंद आपोआप शुद्ध होत नाही. एकच लेखक तीन प्रकारे टंकलिखित झाला तर यंत्र त्याला तीन लेखक मानते. जुन्या, विशिष्ट टंकांत भरलेली मराठी माहिती नव्या प्रणालीत वाचता येत नाही. यास्तव नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात.

कर्तव्यांची वाटणी

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी केवळ ग्रंथसंख्या मोजू नये. कपाटातील कोणतीही दहा पुस्तके घेऊन ती तालिकेत आहेत काय हे पाहावे, आणि तालिकेतील कोणत्याही दहा नोंदी घेऊन ती पुस्तके जागेवर आहेत काय हे पाहावे. वीस मिनिटांच्या या कसोटीतून ग्रंथालयाची खरी स्थिती कळते. ग्रंथखरेदी वर्षाअखेरीस एकदम न होता वर्षभर विभागून झाली, तर ढीगच साचणार नाही. अनुदान वेळेवर मिळणे ही त्याची पूर्वअट आहे.

शिक्षकांनी गावातील जुन्या व्यक्तींची पूर्ण नावे, टोपणनावे आणि स्थानिक शब्द यांची माहिती सेवकास पुरवावी. विद्यार्थी कोणते शब्द वापरून पुस्तक मागतात, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. पंचायत सदस्यांनी आपल्या ग्रामपंचायतीचे अहवाल, विकास आराखडे आणि पत्रके यांची एक प्रत ग्रंथालयास नियमाने द्यावी, आणि सेवकाला दिवसातून दोन तास अन्य कामांतून मुक्त ठेवण्याची व्यवस्था करावी. संचालक मंडळाने त्या दोन तासांचे मोल ओळखावे. ते वाचकांच्याच खात्यात जमा होतात.

परिपूर्ण तालिका हे कोणत्याही ग्रंथालयाचे आजचे काम नव्हे. ते सतत चालणारे काम आहे. आजचे काम एवढेच की आलेले प्रत्येक पुस्तक आठवडाभरात तालिकेत यावे, आणि ज्या शंभर पुस्तकांवर या परिसराची स्मृती व गरज अवलंबून आहे, त्यांच्या नोंदीस पुरेसा वेळ मिळावा. खारभूमीची पुस्तिका मागणारा शेतकरी रिकाम्या हाताने परत गेला नाही, तर त्या वर्षीची तालिका सार्थकी लागली असे समजण्यास हरकत नाही.